कौतुक पोचतं करू या: तक्रारवहीत चांगलंही लिहिता येतं

घाटमाथा

नमस्कार मंडळी.

एसटीच्या आगारात तक्रारपुस्तक असतं. बँकेच्या शाखेत असतं, रेल्वे स्थानकात स्टेशन मास्तरांकडे असतं. कोणी उर्मटपणे बोललं की आपण ते मागून घेतो आणि पानभर लिहितो. लिहायलाच हवं, तो आपला हक्क आहे. पण भर पावसात म्हातारीला हाताला धरून उतरवणारा वाहक, हयातीच्या दाखल्याचा फॉर्म स्वतः भरून देणाऱ्या खिडकीवरच्या बाई, यांच्याबद्दल त्याच पुस्तकात दोन ओळी लिहाव्यात असं सहसा कोणाच्या मनात येत नाही. आपण घरी येतो, जेवताना सांगतो, "आज फार चांगला माणूस भेटला." ते कौतुक घरातच राहतं. ज्याचं आहे त्याच्यापर्यंत जात नाही, त्याच्या वरिष्ठांपर्यंत तर नाहीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की कौतुक पोचतं करायचं. तोंडावर सांगायचंच, पण जमेल तिथे लेखी द्यायचं, आणि त्या माणसाच्या कामाची नोंद जिथे राहते तिथे द्यायचं. नोकरीत चुकीचा कागद आपोआप तयार होतो. चांगल्या कामाचा कागद कोणीतरी मुद्दाम लिहिला तरच होतो.

एसटीपासून सुरुवात करते, कारण तिच्याशी माझा नित्याचा संबंध आहे. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली. आज जिथे दुसरं वाहन मिळत नाही अशा वाड्यावस्त्यांवरही मुक्कामी गाडी जाते. शहरातल्या वाचकांसाठी सांगते: संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन आलेली गाडी रात्री गावातच थांबते आणि पहाटे पहिली फेरी म्हणून निघते. कॉलेजची मुलं, तालुक्याच्या दवाखान्यात जाणारे, बाजाराला निघालेल्या बाया, सगळ्यांची भिस्त त्या पहाटेच्या गाडीवर. चालक-वाहक रात्र काढतात देवळात, शाळेच्या व्हरांड्यात, नाहीतर गाडीतच. डासांत आणि थंडीत. ज्या गावांत या दोघांना जेवणाचं ताट आणि सकाळी आंघोळीला ऊन पाणी मिळतं, त्या गावांबद्दल मला फार आदर वाटतो.

२०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला, २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. फार चांगलं झालं, माहेरी जाणं सोपं झालं कितीतरी जणींना. पण मोफतवाल्यालाही तिकीट काढून द्यावंच लागतं, त्याचं ओळखपत्र पाहावं लागतं, सुट्ट्या पैशांचा घोळ निस्तरावा लागतो, आणि हे सगळं उभ्या गर्दीतून मागच्या बाकापर्यंत सरकत. एवढं करून एखादा वाहक शांतपणे बोलतो, तेव्हा त्याला ते कष्टानेच जमत असणार.

तर पत्रात काय लिहायचं? तारीख, वेळ, कुठून कुठे, गाडीचा नंबर, दिसला तर बिल्ला क्रमांक. तिकीट लगेच टाकून देऊ नका, त्यावरून बरंच कळतं. मग त्यांनी नेमकं काय केलं ते. "सेवा उत्तम आहे" या वाक्याचा कोणालाच उपयोग नाही. "अंध प्रवाशाला रस्ता ओलांडून दिला आणि मग गाडी सोडली" असं लिहा. वर पत्ता आगार व्यवस्थापकांचा, एक प्रत विभाग नियंत्रकांना. पोस्टकार्डसुद्धा पुरतं. रेल्वेच्या 'रेल मदद' या तक्रारींच्या संकेतस्थळावरही कौतुक नोंदवायचा पर्याय दिलेला आहे, तो फार जणांना माहीत नसतो.

तुमच्या आसपास असं कोण आहे, आणि तुम्ही ते कसं पोचवता? सविस्तर लिहा.

लिंबलोण

छान धागा, ताई. माझी अडचण मात्र संकोचाची आहे. रोज दारात येणाऱ्या माणसाला एकदम "तुम्ही किती चांगलं काम करता" म्हणायचं म्हणजे तोही अवघडणार आणि मीही. काहीतरी काम काढायचंय म्हणून गोड बोलतेय, असं वाटलं तर?

चौथी_ब

लिंबलोण, तुम्हाला वाटतं तेच बहुतेकांना वाटतं, आणि यावर अभ्यासही झाला आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला सांगितली आणि आधीच विचारलं, समोरच्याला कसं वाटेल असं तुम्हाला वाटतं? मग पत्र मिळालेल्यांना विचारलं. लिहिणाऱ्यांनी समोरच्याच्या अवघडलेपणाचा अंदाज फार जास्त केला होता आणि आनंदाचा फार कमी. म्हणजे संकोच आपल्या बाजूला असतो, पत्र घेणाऱ्याला तो एवढा जाणवतच नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे कौतुक लाल शाईत होतं. वहीखाली "छान", "उत्तम", "शाब्बास" असा शेरा आणि सही. ताईंनी वर नेमकं लिहा म्हटलंय, ते वर्गात मी रोज बघतो. "छान" वाचून मूल पान उलटतं. "तिसऱ्या गणितात हातचा राहिला होता, तो तुझा तूच शोधलास" असं लिहिलं की मूल ते पुन्हा वाचतं, शेजारच्याला दाखवतं. वर्गात एका मुलाचे आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर जातात, मूल आजीजवळ राहतं. तो असा शेरा फोनवर आईला अक्षर न् अक्षर वाचून दाखवतो. "शाब्बास" एवढंच असतं तर त्याला सांगायला काय उरलं असतं?

आणखी एक. "तू हुशार आहेस" हे कौतुक मी टाळतो. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. काही मुलांना हुशार म्हटलं, काहींना "मेहनत घेतलीस" म्हटलं. नंतर अवघड प्रश्न पुढे आले तेव्हा हुशार म्हणवलेली मुलं मागे सरू लागली, कारण चुकलं तर हुशारीच जाईल ना! मेहनतीचं कौतुक झालेली चिकटून राहिली. मोठ्यांनाही हे लागू पडेल असं मला वाटतं. "तुम्ही देवमाणूस आहात" म्हटलं की समोरचा ओशाळतो. "तुम्ही त्या दिवशी थांबलात म्हणून आईला वेळेवर दवाखान्यात नेता आलं" म्हटलं की तो मान हलवतो, कारण ते त्याने खरोखर केलेलं असतं.

बिल्लाधारी

मी वाहक आहे. आगार कुठलं ते सांगत नाही.

तक्रार आली की खुलासा द्यावा लागतो, आणि त्यात गैर काही नाही, प्रवाशाचं ऐकलंच पाहिजे. कौतुकाचं पत्र आलं तर काय होतं ते मी सांगतो. आमच्यातल्या एका चालकाबद्दल कॉलेजच्या पोरींनी मिळून पत्र धाडलं होतं. घाटात दरड आली, पुढं जाता येईना, अंधार पडलेला. त्यानं गाडी बेतानं मागं घेतली, खालच्या गावात आणून लावली, एकेकीच्या घरी फोन करायला लावला आणि शेवटच्या पोरीचा बाप येईस्तोवर जागचा हलला नाही. साहेबांनी ते पत्र आगारात फलकावर लावलं. डबा खाताना सगळ्यांनी वाचलं. चालकानं त्याची झेरॉक्स काढून लॅमिनेट केली, आणि पुढं मुलीची सोयरीक जमत होती तेव्हा पाहुण्यांपुढं ठेवली. पगाराची स्लिप नाही दाखवली, ते पत्र दाखवलं.

मोठी कामगिरी झाली तर पेपरात येतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला, आगार बुडालं, तेव्हा तिथले आगारप्रमुख वसुलीचे सुमारे नऊ लाख रुपये घेऊन तासन्‌तास एसटीच्या टपावर बसून राहिले. सगळ्या महाराष्ट्राला ते कळलं, अभिमान वाटला. पण रोजचं काम असं बातमीत येत नाही. पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवली तर महामंडळ चालकाचा सत्कार करतं, लई मोठी गोष्ट आहे ती. अपघात झाला की दिसतो. न झालेला कुणाला दिसणार?

ताई, तुमच्या पत्रात एक भर घाला. लोक वाहकाचं नाव लिहितात कारण आम्ही समोर असतो, बोलतो. चालक पाठमोरा असतो, त्याचं नाव राहून जातं. उतरताना पुढच्या दारानं उतरलात तर एकदा त्याच्याकडे बघून "येतो दादा" म्हणा. आणि रात्रपाळीला वर्कशॉपमधले मेकॅनिक गाडीखाली पडून ब्रेक बघतात, त्यांना तर प्रवासी कधी भेटतच नाही. घाट नीट उतरला त्यात त्यांचाही हात असतो.

सरळरेषा

धाग्याच्या भावनेशी सहमत आहे, पण एक गोष्ट स्पष्ट लिहायलाच हवी. कौतुकाला पैसे पडत नाहीत, म्हणून ज्यांनी पैसे द्यायचे त्यांना ते सोयीचं असतं. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या. त्यानंतर आपल्यापैकी किती जणांनी आशाताईंना, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांना, मानधन किती मिळतं हे विचारलं? २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा प्रवासी म्हणून आपण गैरसोयीबद्दल बोललो की त्यांच्या पगाराबद्दल? कौतुक हे मोबदल्याच्या जागी येऊन बसणार असेल तर मला ते नको आहे.

आशा_डायरी

सरळरेषा दादा, तुम्ही बोललात ते खरं आहे आणि कोणीतरी बोलायलाच पाहिजे होतं. मी आशा आहे, म्हणून माझ्या बाजूने सांगते.

२००५ पासून आशा योजना आहे. आमचं काम लोकांना गोळ्या वाटण्याएवढंच माहीत असतं. दवाखान्यात बाळंतपण झालं की बाळ-बाळंतीण घरी आल्यावर आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी जातो. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, बेंबी बघायची, दूध नीट ओढतंय का बघायचं, आईला रक्तस्राव तर होत नाही ना हे विचारायचं. सासू दारात उभी असते, तिला न दुखावता सगळं विचारायचं. कोविडमध्ये घरोघर जाऊन आम्हीच नोंदी केल्या, तेव्हा काही दारं उघडत नव्हती.

२२ मे २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांना पुरस्कार जाहीर केला. त्या रात्री आमच्या ग्रुपवर कोणी झोपलं नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत मानधनासाठी आझाद मैदानावर ज्या बसल्या होत्या त्याही आशाच होत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पुरस्कार मिळाला म्हणून मागणी सोडायची नाही, आणि मागणी अडकली म्हणून पुरस्कार खोटा होत नाही.

पोचतं केलेलं कौतुक कसं असतं ते सांगते. गावातल्या एका सुनेचं बाळ फार कमी वजनाचं होतं. उघड्या अंगाने छातीशी धरून ऊब द्यायची पद्धत मी तिला शिकवली, ठरलेल्या दिवसांशिवायही जात राहिले. बाळाने बाळसं धरलं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तीच सून उभी राहिली. आमच्याकडे बायका ग्रामसभेत मागे बसतात, बोलत नाहीत. तिने सांगितलं, आशाताईंचा अभिनंदनाचा ठराव घ्या. सूचक ती, अनुमोदक तिची सासू. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला, त्याची प्रत मी आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना दिली. पुढे आमच्या मानधनाचा प्रश्न आला तेव्हा त्याच ग्रामसभेने पाठिंब्याचा ठरावही केला. तो मांडायला कोणाला समजावून सांगावं लागलं नाही, कारण आम्ही काय करतो हे आधीच्या ठरावात लिहिलेलं होतं.

म्हणून मी म्हणेन, टाळ्या नकोत असं नाही. टाळी वाजवून घरात जाऊ नका, एवढंच.

घाटमाथा

आशाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ग्रामसभेचा ठराव हा मार्ग माझ्या डोक्यात नव्हता, आणि तो पत्रापेक्षा कितीतरी वजनदार आहे.

सरळरेषा, तुमचा मुद्दा मी धाग्याचाच भाग समजते. कौतुकाच्या पत्रात शेवटी एक मागणी लिहायला काय हरकत आहे? "आमच्या गावच्या मुक्कामी गाडीचे चालक-वाहक इतकी चांगली सेवा देतात, त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीने दार-खिडकी-पंखा असलेली खोली द्यावी." असं पत्र सरपंचांना जाऊ शकतं. बिल्लाधारी, चालकाचं नाव आणि मेकॅनिक मंडळींचा उल्लेख, दोन्ही घालते.

लिंबलोण

चौथी_ब सर, धीर आला. मग मीही लिहिते, कारण पुण्यात याचं एक ठळक उदाहरण आहे आणि त्यात गोड बोलावं लागतच नाही.

आमच्याकडे कचरा न्यायला 'स्वच्छ' संस्थेच्या ताई येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने उभी राहिली. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन या बायका उकिरड्यावरून आपल्या दारापर्यंत आल्या. पूर्वी ज्यांना बघून लोक नाक धरायचे त्या आता ओळखपत्र लावून, ढकलगाडी घेऊन, हक्काने बेल वाजवतात.

त्या कचरा हाताने वेगळा करतात. आपण डब्यात काय टाकतो ते त्यांच्या बोटांना कळतं. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि बाळांचे डायपर लोक तसेच टाकायचे, फुटलेली काच पिशवीत सैल टाकायचे. म्हणून त्यांनी 'रेड डॉट' मोहीम सुरू केली. पॅड-डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचे, वर लाल ठिपका काढायचा आणि वेगळे द्यायचे. ठिपका दिसला की त्यांना पुडकं उघडावं लागत नाही.

मी सांगते, या ठिपक्याएवढं साधं कौतुक मला दुसरं माहीत नाही. "तुमचा हात माझ्याच हातासारखा आहे" एवढं तो सांगतो. आमच्या जिन्यातल्या एका आजोबांनी लाल स्केचपेन दोरीने डब्याजवळच बांधून ठेवलं आहे. शेजारच्या काकू फुटक्या काचेवर कागद गुंडाळून मोठ्या अक्षरात 'काच' लिहितात. आमच्या ताई मला म्हणाल्या, "दिवाळीला पोस्त द्या, नका देऊ, पण तुमच्या मजल्यावर हात घालताना भीती वाटत नाही." (पोस्त अर्थात द्यायचीच. ती त्यांच्या हक्काची आहे.)

तिसरी_घंटा

नाटकाच्या बाजूने थोडं. प्रयोग संपल्यावर रंगपटात जाऊन कलाकारांना भेटायचं ही मराठी प्रेक्षकांची फार सुंदर रीत आहे. दौऱ्यावर तर लोक घरून लाडू, चकल्या घेऊन येतात, म्हातारी माणसं काठी टेकत येतात, नटाचा हात हातात घेऊन काही न बोलता उभी राहतात. तोंडावर दाद द्यायला आपण संकोचतो असं म्हणतात, पण नाट्यगृहात तरी तो संकोच मला कधी दिसला नाही.

मी प्रकाशाचं काम करतो. ही गर्दी रंगपटात असते तेव्हा आम्ही दिवे उतरवत असतो. नेपथ्याची माणसं फ्लॅट (खोट्या भिंतींच्या चौकटी) सोडवून टेम्पोत चढवत असतात, कपडेपटाच्या मावशी घामाने भिजलेल्या साड्या मोजून पेटीत भरत असतात, कारण दुसऱ्या दिवशी दुपारचा प्रयोग दुसऱ्या गावात असतो. तिथवर प्रेक्षक येत नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही, कारण आम्ही दिसलो नाही तरच आमचं काम नीट झालेलं असतं.

एका गावी एक गृहस्थ थेट रंगमंचावर आले आणि विचारलं, "दुसऱ्या अंकात खिडकीतली उन्हं हळूहळू भिंतीवर चढत गेली, ती कोणी केली?" मी हात वर केला. ते म्हणाले, "आई गेली त्या दिवशी आमच्या माजघरात अशीच उन्हं होती." एवढं बोलून ते गेले. त्या क्यूवर, म्हणजे प्रकाश बदलायच्या त्या जागेवर, मी तालमीत किती खपलो होतो ते माझं मलाच माहीत होतं. ते दुसऱ्या कोणाला दिसलं, याहून मोठी बिदागी मला मिळालेली नाही. आजही तो प्रसंग आला की मी मिनिट मोजत नाही, त्या माजघराचा विचार करतो, आणि ऊन बरोबर चढतं.

म्हणून चौथी_ब यांच्या म्हणण्याला माझा पूर्ण दुजोरा. नेमकं सांगा. नेमकं सांगितलं की माणूस पुढच्या वेळी ते आणखी जीव ओतून करतो.

सुपारीबाग

आमच्याकडे, श्रीवर्धनच्या बाजूला, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब काडीसारखे मोडले. लॉकडाऊन चालू होता. अंधार किती आठवडे राहिला ते लिहीत बसत नाही, ज्यांनी काढला त्यांना माहीत आहे.

महावितरणची माणसं बाहेरच्या जिल्ह्यांतूनही आली. त्यांना आता 'जनमित्र' म्हणतात, आम्ही वायरमनच म्हणतो. चिखलात खांब खांद्यावर वाहून नेत होती ती माणसं, वाडीत क्रेन जात नव्हती. मास्क लावून, पावसात. साथीच्या भीतीने सुरुवातीला लोक लांब राहिले. मग आमच्या वाडीतल्या बायकांनी ठरवलं की रोज एका घराने त्यांचा स्वयंपाक करायचा. घरांवर कौलं नव्हती, प्लॅस्टिकखाली चूल पेटवून भाकरी-पिठलं केलं. घाटावरच्या माणसांना आमची आमटी नवीन, त्यांनी आवडीने खाल्ली.

वीज आली त्या दिवशी गावाने एक केलं, ते इथे सांगण्याजोगं आहे. त्यातल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि मूळ उपविभाग विचारून घेतला, आणि ते ज्या कार्यालयातून आले होते तिथे ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र पाठवलं. आमच्या इथल्या कार्यालयात पत्र देऊन उपयोग नव्हता, त्यांची नोंद तिकडे. घाटमाथा ताई म्हणतात ते "नोंद जिथे राहते तिथे" आमच्या सरपंचबाईंना तेव्हाच सुचलं होतं.

४ मार्च हा लाईनमन दिवस असतो. तुमच्या भागाच्या वायरमनला त्या दिवशी निदान फोन करा, वीज गेलेली नसताना.

एव्हनकाठ

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलहून लिहितेय. इथे सिटी बसमधून उतरताना लहानथोर सगळे ड्रायव्हरला "चीअर्स, ड्राइव्ह" (म्हणजे "आभार, ड्रायव्हर") म्हणून उतरतात, या शहराची ती खासियतच आहे. दिवसभर त्याला ते ऐकू येत राहतं. २०२० मध्ये दर गुरुवारी रात्री आठला आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजायच्या, आणि इथल्याही नर्सेसनी पुढे पगारासाठी संप केला. त्यामुळे आशाताईंचं म्हणणं इथे बसूनही तंतोतंत पटलं.

सुट्टीवर सांगलीला आले की आता पुढच्या दाराने उतरेन, बिल्लाधारी दादा.

सरळरेषा

आशाताईंनी माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं, आणि ते मला मान्य आहे. कौतुकाची नोंद असेल तर मागणीला आधार मिळतो, हे मी असं पाहिलं नव्हतं.

मग शहरातल्यांसाठी माझ्याकडून एक सूचना. गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते. तिथेही अभिनंदनाचा ठराव घेता येतो. मी आमच्या संस्थेसाठी कच्चा मसुदा केला आहे: "संस्थेचे सर्व सुरक्षा व सफाई कर्मचारी यांनी वर्षभर दिलेल्या सेवेबद्दल ही सभा त्यांचे आभार मानत आहे, तसेच त्यांच्या मासिक वेतनात वाढ व साप्ताहिक सुट्टी देण्यास मंजुरी देत आहे."

लिंबलोण

वेतनवाढ त्याच ठरावात घातलीत ते फार आवडलं. पण "सर्व कर्मचारी" काढा. प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहा आणि नावापुढे एकेक काम. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह रात्री दोनला उठून बंद करणारे कोण, ते सगळ्या इमारतीला कळू दे.

बिल्लाधारी

आणि सभेला त्यांना बोलवा. वाचताना ते बाहेर गेटवर नकोत.

घाटमाथा

सरळरेषा, वेतनाचा भाग आहे म्हणजे हा विषय विषयपत्रिकेवर आधीच यायला हवा, आयत्या वेळच्या विषयांत घेतला तर कोणीतरी हरकत घेईल. सभेची नोटीस चौदा दिवस आधी निघते, तेव्हा त्याआधी सचिवांना लेखी द्या आणि पोच घ्या. नावांसकट मसुदा तयार झाला की इथे टाका, बाकीच्यांनाही आपापल्या सोसायटीत वापरता येईल.